आईची थरथरी

रेवतीचा फोन आला तेव्हा मी गॅलरीतल्या गवती चहाला पाणी घालत होते. रेवती माझ्या चुलतभावाची बायको. ती इथेच ग्वाल्हेरात, माधवगंजात राहते आणि तिच्याजवळ तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या मोठ्या काकू.

"ताई, आई चार दिवस झाले काही खात नाहीयेत," ती म्हणाली. "दात तर गेलेच, वर तोंड आलंय. डॉक्टर म्हणाले, थंड आणि नरम द्या. मी कस्टर्ड केलं, साबुदाण्याची खीर केली, आइस्क्रीम आणलं. सब वापस. परेशान करून टाकलंय नुसतं."

"मग मी काय करू?"

"त्या म्हणतात, धाकटीची ती चहाची थरथरी हवी. मला तर समजलंच नाही ती काय चीज आहे. म्हणाल्या, तिच्या मुलीला विचार. तिला येत असेल."

धाकटी म्हणजे माझी आई. काकूंची धाकटी जाऊ. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

कुंडीतून पाणी खाली ओघळत होतं आणि मी ओतत राहिले होते. ओल्या मातीतून गवती चहाचा तो हिरवा, लिंबासारखा वास वर आला. काकूंच्या तोंडून थरथरी! ज्या बाईनं तो पदार्थ आमच्या घरातून कायमचा घालवला, तिला आता शेवटी-शेवटी तोच खावासा वाटावा!

"करते ना," मी म्हटलं. "शुक्रवारी घेऊन येते."

आवाज इतका गोड निघाला की माझा मलाच संशय आला. मी काकूंना माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. माफ करण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

आम्ही तेव्हा थाटीपुरात सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे हातभर अंगण, अंगणात कडुनिंब. आई मुरारची. तिच्या माहेरी तीन पिढ्या फौजेत. आजोबा सुभेदार होऊन निवृत्त झालेले, घरात रविवारी मटण शिजायचं. बाबांचं घर पूजा सांगणाऱ्यांचं, लसूणसुद्धा सणावारी वर्ज्य. हे लग्न कसं जमलं, कोण रडलं, कोण अडून बसलं, ते मला कोणी नीट सांगितलं नाही. मला दिसायचं ते एवढंच, की माधवगंजातल्या काकांच्या घरी गेलं की आई भाजी चिरायची, डाळ निवडायची, भांडी विसळायची. पण नैवेद्याच्या वाटणाला तिचा हात लागायचा नाही. कोणी काही म्हणायचं नाही. काकू फक्त पाटा आपल्याकडे ओढून घ्यायच्या.

ग्वाल्हेरचा उन्हाळा म्हणजे अकरा ते पाच जग बंद. दारंखिडक्या लावलेल्या, खिडकीला वाळ्याचा, खसचा पडदा, त्यावर आई दर तासाला पाणी शिंपडायची. खसचा तो थंड, मातकट वास, वर पंख्याची कुरकुर, बाहेर तापल्या वाऱ्याची लू अशी चालायची की कडुनिंबाची वाळलेली फुलं दाराखालच्या फटीतून आत यायची. माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत एक बेडूक राहायचा. त्या वर्षी आमच्या घरी फ्रिज आला. पांढरा, गुबगुबीत, दार उघडताना 'थप्प' असा आवाज करणारा. मी आणि आई दोघी आळीपाळीनं त्याचं दार उघडून तोंड आत घालून उभ्या राहायचो. बाबा ओरडायचे, "अरे, थंडी सगळी बाहेर जाते!" आई म्हणायची, "जाऊ दे. बाहेरही थोडी हवीच आहे."

ती अशी होती तेव्हा. हसरी. काहीतरी नवीन करून बघायची भारी हौस. मासिकांतली पाककृतींची पानं कापून पिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला टोचून ठेवायची.

थरथरी झाली ती दूध नासल्यामुळे. बाबांचे साहेब सहकुटुंब येणार होते. चायना ग्रासचं दुधाचं पुडिंग करायचं ठरलं होतं. चायना ग्रास म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून करतात ते, पांढऱ्या पारदर्शक लडी. हातात घेतल्या तर सुकलेल्या गवतासारख्या कुरकुरतात, पाण्यात भिजवल्या की मऊ पडतात आणि उकळल्या की नाहीशा होतात. आईनं लडी उकळत ठेवल्या आणि दुसरीकडे दूध फाटलं. पाहुणे यायला तीन तास. आईनं क्षणभर डोक्याला हात लावला. मग अंगणातून गवती चहाची मूठभर पात तोडून आणली, चांगला कडक कोरा चहा केला, साखर, वेलदोडा, आणि चहा उतरल्यावर अर्धं लिंबू. त्यात तो चायना ग्रासचा पाक गाळून घातला आणि ताटात ओतला.

"आई, हे काय होणार?"

"मला तरी कुठे माहीत!"

ताट फ्रिजमध्ये गेलं. आम्ही दोघी दार उघडून उघडून बघत होतो. आधी वर पातळ साय धरल्यासारखं झालं, मग कडा घट्ट झाल्या, मग सगळंच. काचेसारखं, तांबूस, खालच्या ताटाचे चरे वरून दिसत होते. आईनं सुरीनं शंकरपाळ्यासारख्या तिरक्या रेघा मारल्या. ताट ओट्यावर ठेवलं तर सगळ्या वड्या एकदम थरथरल्या. मी टाळ्या पिटून ओरडले, "थरथरी! थरथरी!" तेच नाव पडलं. वर थंड साय आणि थोडी पिठीसाखर घालून आईनं ती वाढली. साहेबांच्या बायकोनं तीनदा मागून घेतली.

पुढचा महिना-दीड महिना आमच्या घरात सतत थरथरी होती. शाळेतून आलं की दप्तर फेकून पहिली एक वडी जिभेवर ठेवायची, चावायची नाही. आधी नुसता गारवा, मग गवती चहा, मग अगदी शेवटी चहाचा तुरटपणा टाळूला लागायचा. क्वार्टरच्या रांगेतल्या बायका वाटी घेऊन शिकायला यायच्या. लष्कर भागातल्या मराठी मंडळापर्यंत बातमी गेली. मंडळाच्या बाई घरी येऊन आईला म्हणाल्या, "यंदा गणपतीत एक दिवसाचा प्रसाद तुमच्याकडे देऊ या म्हणतो आम्ही." आई दारापर्यंत त्यांना सोडून आली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच फडताळ आवरत बसली. तिची पाठ माझ्याकडे होती, पण ती गुणगुणत होती ते मला ऐकू येत होतं.

मग काकूंकडचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं.

अक्षय्यतृतीया दोन दिवसांवर होती. काकूंची गौर पाळण्यात बसलेली, पुढे आरास, कलिंगडाचं कापून केलेलं कमळ, मोगऱ्याच्या माळा. ओसरीवर सतरंज्या. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. काकूंच्या डाळीला अख्ख्या माधवगंजात तोड नव्हती, हे खोटं कशाला बोलू? मोहरीची अशी फोडणी की जिन्यातच नाकाला कळायचं. आईनं पहाटे उठून दोन मोठी ताटं थरथरी केली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून, टेम्पोत मांडीवर धरून आम्ही ती नेली. मी अकरा वर्षांची. एक ताट माझ्या मांडीवर, आणि खड्डा आला की पोटाजवळ काहीतरी थरथरायचं.

काकूंच्या घरी फ्रिज नव्हता. ताटं ओसरीच्या कोपऱ्यात पाटावर ठेवली. बायका जमल्या. एकीनं फडकं उचललं, "अगोबाई, हे काय!" मग दुसरी, तिसरी. पाच मिनिटांत निम्म्या बायका आईभोवती. कशी केली, काय घातलं, जरा हलवून दाखवा ना. आई लाजत होती, पदर सावरत होती आणि सांगत होती. दोन-तीन जणींनी तोंडातही टाकली. डाळीचं पातेलं पलीकडे तसंच होतं. काकू पळी घेऊन त्याच्यापाशी उभ्या होत्या.

त्या हसत पुढे आल्या. त्यांचं ते हसू मला अजून दिसतं. नीटनेटकं, पदराला हात पुसत.

"बायांनो, तोंडात घालायच्या आधी विचारा तरी," त्या म्हणाल्या. "ही जेली हाडं उकळून करतात. जनावरांची. हिच्या माहेरी चालतं सगळं, तिला काय त्याचं."

आई म्हणाली, "नाही वहिनी, चायना ग्रास आहे. शेवाळ असतं ते. माझ्याकडे पाकीट आहे, मी दाखवते..."

पाकीट थाटीपूरला, डब्यात होतं.

कोणी भांडलं नाही. ओरडलं नाही. ज्यांच्या हातात वाट्या होत्या त्यांनी त्या हळूच सतरंजीच्या कडेला ठेवल्या. एक जाडशा मावशी, ज्यांनी आधीच दोन वड्या खाल्ल्या होत्या, त्या उठून नळापाशी गेल्या आणि गुळण्या करायला लागल्या. खळखळ, थू. खळखळ, थू. सगळी ओसरी गप्प आणि तो एवढाच आवाज. मग कोणीतरी म्हणालं, "डाळ वाढा हो," आणि काकूंनी पळी उचलली.

आईनं दोन्ही ताटं झाकली. आम्ही ओटी भरून घेतली, कारण ती न घेता जाता येत नाही. परत येताना टेम्पोत दोन्ही ताटं तिनं आपल्याच मांडीवर घेतली. घरी आल्यावर मागच्या अंगणात गेली आणि दोन्ही ताटं कडुनिंबाच्या बुंध्याशी पालथी केली. मी रडत होते. ती म्हणाली, "रडू नकोस. खारींना आवडेल." दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर वड्या तशाच होत्या, कोपऱ्यांना कोपरे, वर धूळ आणि मुंग्यांची रांग.

त्या दिवसानंतर फार काही झालं नाही, असं कोणी म्हणेल. गणपतीतला प्रसाद दुसऱ्या कोणाकडे गेला. मंडळाच्या बाई परत आल्या नाहीत. शाळेत एक मुलगी मला म्हणाली, "तेरी मम्मी हड्डी की मिठाई बनाती है ना?" आणि मी तिच्या वेणीला धरून तिला खाली पाडलं, त्याबद्दल मला छडी बसली. पाककृतींची पानं खिळ्यावर पिवळी पडली. आई स्वयंपाक करत राहिली. वरण, भात, पोळी, भाजी. चव तीच होती. पण त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांत तिनं एकही नवा पदार्थ केलेला मला आठवत नाही. कधी म्हटलं, "आई, थरथरी कर ना," तर म्हणायची, "विसरले ग." ती विसरली नव्हती. ती आजारी असताना दवाखान्यात मला एकदा अचानक म्हणाली, "लिंबू चहा उतरल्यावरच घालायचं हं. उकळताना घातलं की बिघडतं." एवढं सांगून ती कुशीवर वळली. मी पुढचं विचारलं नाही.

म्हणून काकूंसाठी थरथरी करायला गुरुवारी सकाळी मी बाजारात गेले.

किराणा दुकानात चायना ग्रास मागितलं. दुकानदारानं दोन पाकिटं काउंटरवर ठेवली.

"मैडम, ये चायना ग्रास है, और ये जिलेटिन। जिलेटिन नॉनवेज वाला है, पहले बता देता हूँ। कौन सा दूँ?"

मी दोन्हींकडे बघत राहिले. मागे एक बाई साबणाचा भाव विचारत होती. इतकं सोपं होतं? इतक्या वर्षांपूर्वी जे माझ्या आईनं केलं नव्हतं आणि तरी तिच्या नावावर लागलं, ते इथे काउंटरवर पडलेलं होतं.

"दोनों दे दीजिए," मी म्हटलं.

घरी आल्यावर मुलीनं पिशवीत डोकं घातलं. सई कॉलेजात आहे, तिची मराठी दोन वाक्यं झाली की हिंदीत उतरते.

"आई, हे जिलेटिन कोणासाठी? तू सच्ची में त्या आजींना हे खिलाने वाली है?"

"बघू."

"आई, ये गलत है. तू मुद्दाम करतेयस ना हे?"

"मी मुद्दामच करतेय," मी म्हटलं. "मला लपवायचं नाही तुझ्यापासून."

ती ओट्याला टेकून उभी राहिली, गेली नाही. मी चहा चढवला. गवती चहाची पात हातानं चुरली आणि तो वास घरभर झाला. सईनं नाक वर केलं. "काय मस्त स्मेल आहे यार." मला एकदम त्या पांढऱ्या फ्रिजच्या दारात उभं असल्यासारखं वाटलं. मी हात पुसले आणि कामाला लागले.

दोन्ही केल्या. एका भांड्यात चायना ग्रास उकळून, आईसारखी. दुसऱ्यात जिलेटिन गार पाण्यात भिजवून, कोमट चहात विरघळवून. गरम होताना त्याला एक वास आला, अगदी बारीक, ओल्या चामड्यासारखा. दोन्ही थाळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या. चार तासांनी बाहेर काढल्या तर दिसायला बहिणी-बहिणी. दोन्हींची एक-एक वडी बशीत ठेवली आणि पाहू या म्हणून बशी ओट्यावरच राहू दिली. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या वर, स्वयंपाकघरात भट्टी.

वीस मिनिटांनी जिलेटिनच्या वडीचे कोपरे गोल झाले. पाऊण तासात बशीत तांबूस पाणी. शेजारी आईची वडी जशीच्या तशी उभी. मी बोटानं टिचकी मारली, ती थरथरली आणि परत ताठ झाली.

मी तिथेच स्टुलावर बसले.

त्या दिवशी ओसरीवर लू चालली होती. ताटं दोन तास पाटावर होती. एक थेंब पाणी सुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीसुद्धा झाडाखाली कोपऱ्यांना कोपरे होते. ज्या बाईच्या हाताला कैरीच्या आंबटपणाचा अंदाज न चाखता यायचा, तिला हे दिसलं नसेल? इतके दिवस मी मानत होते की काकूंना खरंच तसं वाटलं असेल, अज्ञानानं बोलल्या असतील. त्या स्टुलावर बसून ती एवढीशी सवलतही मी काढून घेतली.

जिलेटिनची थाळी मी मोरीत ओतली. सईनं सुटकेचा श्वास सोडला. आईच्या नावानं जे त्या घरात जाणार ते आईचंच असायला हवं होतं. काकूंना खायला मी काहीही वाईट घालणार नव्हते. त्याची गरजच नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी माधवगंजात पोचले. ओसरी आता बंद करून तिथे खोली काढली आहे, काकू तिथेच असतात, एसी चालू. खिडकीच्या काचेतून फक्त एक उन्हाची पट्टी आत येत होती. काकू अगदी एवढ्याशा झाल्या आहेत. पण केस विंचरलेले, कुंकवाच्या जागी काही नसलं तरी कपाळ धुतल्यासारखं स्वच्छ. त्या नीटनेटक्याच आहेत अजून.

"आलीस बाई. धूप किती आहे बाहेर. बैस, पंख्याखाली बैस."

"तुमच्यासाठी आणलंय काकू."

डबा बर्फात घालून आणला होता. मी वाटीत चार वड्या काढल्या, वर साय. रेवती पाणी ठेवून चहा करायला आत गेली. काकूंनी चमचा धरला. पहिली वडी त्यांनी टाळूला दाबून धरली. डोळे मिटले.

"अगदी तिची," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सगळ्या गेल्यावर ओसरी झाडताना पाटाखाली एक वडी सापडली होती. पुसून खाल्ली मी. कोणाला सांगितलं नाही. मग परत कधी मिळालीच नाही."

त्यांनी चारही वड्या संपवल्या. ओठाच्या कडेला साय लागली होती, ती त्यांनी पदरानं पुसली. वाटी रिकामी झाल्यावर मी म्हटलं,

"काकू, ही कशाची केली, ते विचारलं नाहीत."

"म्हणजे?"

"आता दुकानात दोन्ही मिळतात ना. शेवाळाचंही आणि हाडांचंही. दुकानदारानं मला विचारलं, कौन सा दूँ."

चमचा वाटीत टेकल्याचा बारीक आवाज झाला. "मग तू कुठलं घेतलंस?"

"दोन्ही."

हे खरं होतं. मी आयुष्यात इतकं खरं क्वचित बोलले असेन.

काकूंचा हात गळ्याशी गेला. मंगळसूत्र काढून टाकलेल्या जागेवर बोटं फिरत राहिली. "यात कुठलं आहे ग?"

"तुम्ही सांगा. तेव्हा तर तुम्ही खाल्लीही नव्हती आणि तुम्हाला कळलं होतं."

एसीची घरघर चालू होती. आत रेवतीनं आलं ठेचलं, दोन ठोके. काकूंनी एकदा दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हे मी नीट पाहून घेतलं.

"ती चायना ग्रासचीच होती," त्या हळूच म्हणाल्या. "मला ठाऊक होतं. हाडांची असती तर त्या उन्हात ताटात पाणी झालं असतं. माझ्या भावानं मुंबईहून आणली होती एकदा, झाकण उघडेपर्यंत नुसतं पाणी. मी बोलायच्या आधीच बघितलं होतं, तिच्या ताटात काही सुटलं नव्हतं."

"मग?"

"सगळ्या तिच्याभोवती जाऊन बसल्या होत्या ग. माझी डाळ तशीच."

डाळ! मला वाटलं होतं, कारण ऐकून मला काहीतरी होईल. काहीच झालं नाही. कारण इतकं लहान होतं की ते धरून रागावतासुद्धा येत नव्हतं.

"नंतर सांगितलं का नाहीत कोणाला?"

"सांगणार होते."

"कधी?"

बोटं गळ्याशीच होती. "मी नैवेद्य अजून स्वतः दाखवते," त्या म्हणाल्या. "याच हातानं. मला एवढं सांग, यात..."

तेवढ्यात रेवती ट्रे घेऊन आत आली. "अरे वा, आईंनी सगळं खाल्लं! ताई, तुम्ही तर जादू केली." आम्ही तिघींनी चहा घेतला, म्हणजे दोघींनी. काकूंनी घेतला नाही. त्यांनी तोंडात पाणी घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. गिळायचं की थुंकायचं, ते त्यांचं ठरत नव्हतं. खाल्लेलं तर कधीच पोटात गेलं होतं. मी पाहत होते, आणि मला बरं वाटत होतं. तेही नोंदवून ठेवते.

मी डबा उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, "थोडी ठेवून जा. संध्याकाळी खाईन."

त्यांची नजर खिडकीकडे गेली होती, काचेशी पडलेल्या त्या उन्हाच्या पट्टीकडे. सुगरण बाई. डोकं अजून तसंच चालत होतं. एक वडी तिथे ठेवली की पाऊण तासात सगळं कळलं असतं.

"खराब होईल काकू," मी म्हटलं, आणि झाकण लावलं.

जिन्यात रेवती मागून आली. "ताई, रेसिपी तर देऊन जा. मी करत जाईन त्यांना."

"पाठवते," मी म्हटलं. पाठवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आई जेवायला लागल्या, पण सकाळपासून गंगाजल मागतायत, देवाला हात लावत नाहीयेत, म्हणतात तू कर पूजा. काय झालं कळत नाही. "तुम्हाला काही बोलल्या का त्या?" मी म्हटलं, नाही ग.

मग काकूंचेच फोन सुरू झाले. रेवती नंबर लावून देते आणि खोलीबाहेर जाते, हे मला आवाजावरून समजतं. त्या आधी माझी तब्येत विचारतात, सईच्या परीक्षेचं विचारतात. पाणी आलं का, लाइट जाते का. मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो.

"ते कशाचं होतं ग?"

"काय काकू?"

"काही नाही."

काल सई समोर बसून ऐकत होती. मी फोन ठेवला तशी म्हणाली, "आई, बता दे ना उनको. एक लाइन की बात है. वो बूढ़ी हैं यार."

डब्यातली उरलेली थरथरी आम्ही दोघींनी संपवली होती त्याला आठवडा झाला. मला ती आवडली की नाही, मला सांगता येणार नाही. पहिली वडी जिभेवर ठेवली आणि नेमकी चावून टाकली.

"सांगेन," मी सईला म्हटलं.

"कधी?"

काकू शहाऐंशीच्या आहेत. मी त्रेपन्नची. मला घाई नाही.